तुझ्या वहीतला चौदा नंबर

कावेरी, तुझ्या तेराव्याला मी चिरोट्या मागून घेतल्या. तुला आवडायच्या म्हणून अण्णांनी मुद्दाम आचारी बोलावून करवल्या होत्या. माझ्या शेजारी तुझ्या कॉलेजातल्या एक बाई पदराने डोळे टिपत पान चिवडत बसल्या होत्या. मी मनात म्हटलं, रडायचं ते घरी जाऊन रडू, हिच्या नावाचं पान आहे ते नीट जेवायला हवं. पिठीसाखर भुरभुरून, वर बदामाचं दूध ओतून दोन खाल्ल्या. आज कुणी वाढल्या तर पान सारून उठेन. मध्ये फक्त पाच दिवस गेले आहेत.

जेवणं आटोपल्यावर अण्णांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. तुझा हा थोरला भाऊ, जन्मभर सरकारी कचेरीत फायली लावलेला माणूस, तुझ्या पुस्तकांपुढे अगदी हताश होऊन उभा होता. "सुशीलम्मा, स्वल्प बघ हे," म्हणाले. "मला यातलं अक्षर कळत नाही. तुझ्या शाळेला चालेल ते ने. राहिलेलं रद्दीत देतो, रोज डोळ्यांसमोर नको मला." मग म्हणाले, "आणि कॉलेजच्या अंकाला तिच्यावर चार पानं हवी आहेत. मी तुझं नाव सांगून टाकलं. तुझ्यापेक्षा जवळची कोण होती तिला?" मी हो म्हटलं आणि तुझी पुस्तकांची पेटी ऑटोत घालून घरी आणली.

चार पानं मी लिहायलाही घेतली होती. 'शांत, अभ्यासू, विद्यार्थिनींची लाडकी' अशी छान सुरुवात झाली होती. एम.एस्सी.च्या दिवसांतलं आपल्या सरांचं एखादं वाक्य हाती लागेल म्हणून तुझी जुनी प्रयोगवही उघडली, आणि लेख तिथेच थांबला. आता लिहिते आहे ते कॉलेजसाठी नाही, तुझ्यासाठी आहे. तू उत्तर देणार नाहीस हे ठाऊक आहे. गप्प बसणं तुला पहिल्यापासूनच छान जमायचं.

आमचं खानापूर म्हैसूर राज्यात गेलं त्याच्या पुढल्या वर्षी मी बंगळूरला आले. आमच्याकडची मुलं तोवर पुण्याला शिकायला जात आणि मुली कुठेच जात नसत. बाबांनी मला पाठवलं ते माझ्या हट्टामुळे आणि थोडं आत्यामुळे. आत्या क्षयाने गेली, परसातल्या वेगळ्या खोलीत, माझ्या डोळ्यांदेखत. औषध निघालं होतं, पण आमच्या गावापर्यंत पोचायला त्याला उशीर झाला. तेव्हापासून डोक्यात एकच होतं की ही औषधं बनतात कशी ते मला शिकायचं. बाबा म्हणाले, "दोन वर्षं. पुढे तिथे संशोधनाला जागा मिळाली तर राहा, नाही तर घरी यायचं आणि मी म्हणेन तिथे लग्न करायचं." मी कबूल केलं. जागा मिळणार नाही असं माझ्या स्वप्नातही नव्हतं.

औषधी रसायनशास्त्राच्या वर्गात अकरा मुलगे आणि आपण दोघी. सरांनी आपल्याला एकाच टेबलावर बसवलं. पहिल्याच दिवशी तू म्हणालीस, "स्वल्प सरक की ग, माझं कोपर दिव्याला लागतंय." मी चाट पडले. "तू मराठी?"

"मग काय तमिळ वाटलं तुला? आमचे पूर्वज तीनशे वर्षांमागे घोड्यांवरून इकडे आले."

"आणि उतरायचं विसरले होय? भाषा अजून उधळलेलीच आहे तुझी."

तू अशी हसलीस की सरांनी फळ्यावरचा हात थांबवून मागे पाहिलं. त्या हसण्यावर मी दोन वर्षं जगले असं म्हटलं तर आज स्वतःचाच राग येतो, पण ते खरं आहे. हॉस्टेलचं सांबार मला सोसायचं नाही म्हणून तू बसवनगुडीच्या घरून रोज डबा आणायचीस. काचेची नळी आगीवर फिरवून केसाएवढी बारीक कशी ओढायची, ते तू शिकवलंस. बोट भाजलं की ते कानाच्या पाळीला लावायचं, तेही तूच. तुमच्याकडे शेंगांची जत्रा भरली की माझ्यासाठी उकडलेल्या शेंगांची पिशवी यायची आणि आपण टरफलं सरांच्या टेबलाखाली सारायचो. यातलं काहीच खोटं नव्हतं. तेच तर मला झेपत नाही.

काम सुगरणीचं होतं. क्षयाच्या जंतूवर चालेल असं एखादं संयुग बनवायचं. मूळ सांगाडा तोच ठेवायचा, त्याच्या एका टोकाला दर वेळी वेगळा गट जोडायचा, आणि जे निघेल त्याला आपल्या दोघींच्या एकाच यादीतला नंबर द्यायचा. शुद्ध निघालं तर त्यातल्या मूलद्रव्यांचा हिशेब लावायला कलकत्त्याला पाठवायचं, आणि तिकडून बरोबर उत्तर आलं तर जंतूंवर तपासायला. आता शुद्ध आहे की नाही हे कळायचं मेल्टिंग पॉइंटवरून. पदार्थाचे कण त्या बारीक नळीत भरायचे, नळी थर्मामीटरला बांधून तेलात सोडायची, खालून हळूहळू तापवायचं आणि भिंगातून बघत राहायचं. शुद्ध असेल तर एका अंशाच्या आत सगळं एकदम वितळतं. भेसळ असेल तर आधीच ओलं होतं आणि पाच-सहा अंश रेंगाळतं. एवढ्याशा गोष्टीवर आपलं सगळं नशीब टांगलेलं होतं.

सरांचा त्यात एक कायदा होता. आपण बनवलेल्या पदार्थाचा मेल्टिंग पॉइंट आपण वाचायचा नाही. बनवणाऱ्याच्या डोळ्यांत आशा असते आणि आशेला थर्मामीटर वाचता येत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून जोडीदाराने वाचायचा. त्याने भिंगातून बघायचं, आधी स्वतःच्या वहीत लिहायचं, मग मोठ्याने सांगायचं. वहीतलं खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, आणि वहीत खोटं तर मेलं तरी लिहायचं नाही. पहिल्या सहामाहीत सर दर शनिवारी जोडीदारांच्या वह्या शेजारी-शेजारी ठेवून ताडून बघत. पुढे त्यांचा विश्वास बसला आणि त्यांनी ते सोडून दिलं.

तुझे मी वाचायची, माझे तू. मी तुला एकदाही चुकीचा आकडा सांगितला नाही. हा मोठेपणा म्हणून सांगत नाही. असं काही करता येतं हे मला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी माझा बारा नंबर आणि तेरा नंबर राळेसारखे चिकट होऊन बसले. चौदा नंबर मात्र फ्लास्क गार होता होताच पांढऱ्याशुभ्र सुया धरायला लागला. मी तुला हाक मारली. तू धावत आलीस आणि म्हणालीस, "अय्यो, किती छान दिसतंय ग!" ती दाद खरी होती, हे मी आजही मानते. त्यानंतर दोनच दिवसांनी सरांनी आपल्याला खोलीत बोलावलं. पुढल्या वर्षी संशोधनाला जागा दोन होत्या, पण कमिटीचं म्हणणं होतं की बाई एकच पुरे. "जिचं संयुग आधी कलकत्त्याला जाईल, तिचं नाव मी देईन," सर म्हणाले. सांगताना ते आपल्याकडे बघत नव्हते, टाक पुसत होते.

बाहेर येऊन आपण कमिटीचा यथास्थित उद्धार केला, तू कन्नडमध्ये आणि मी मराठीत. मग गांधी बाजारात एक कॉफी दोघींत घेतली. तू म्हणालीस, "सुशी, जिला मिळेल तिने दुसरीला विसरायचं नाही. सरी?" मी म्हटलं, "सरी, कबूल." तुझ्यामागे काय लागलं होतं ते मला माहीत होतं. म्हैसूरहून सांगून आलेला तो विधुर, दोन मुलांचा बाप. अण्णांनी त्याच्याकडून परीक्षेपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तुझ्यापुढे तो होता आणि माझ्यापुढे बाबांचा शब्द. दोघी सारख्याच कोंडीत होतो, आणि म्हणूनच मला तुझ्याबद्दल कधी शंका आली नाही.

चौदा नंबरचा मेल्टिंग पॉइंट तू वाचलास. बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसलीस. वहीत लिहिलंस. मग म्हणालीस, "एकशे एकोणऐंशीला ओलं झालं ग. संपेपर्यंत एकशे पंचाऐंशी." सहा अंशांचा पसारा, म्हणजे भेसळच. माझा चेहरा पडलेला बघून तू पाठीवर हात ठेवलास. "परत एकदा विरघळव आणि स्फटिक पाड. उतावळी आहेस तू. हात स्वल्प कच्चा आहे, होईल हळूहळू."

तो शब्द मी घेऊन बसले, कावेरी. पुढे दहा वर्षं पोळी करपली, टाका उसवला, शाळेत परीक्षानळी तडकली, की तू म्हणायच्या आधी मीच म्हणायची, माझा हातच कच्चा.

मी चौदा नंबर पुन्हा विरघळवला. पुन्हा गाळला, पुन्हा गार केला. असं सहा वेळा. प्रत्येक खेपेला थोडा पदार्थ मद्यार्कात राहून जातो. दीड ग्रॅमचा एक झाला, एकाचा अर्धा, शेवटी पुडीत चिमूटभर राहिला. विलायतेहून येणारी मूळ पदार्थाची बाटली संपली होती आणि दुसरी जहाजाने यायला सहा महिने होते. दर खेपेला तू आकडा थोडासा हलवायचीस. कधी पाच अंश, कधी चार, मग पुन्हा पाच. मी आशा सोडू नये आणि आशेने हाती काही लागूही नये, इतपत. केवढं लक्ष घालत होतीस ग त्यात!

आणि ती दुपार. तू जेवायला घरी गेली होतीस. मी दार लोटून घेतलं आणि कायदा मोडून माझी नळी स्वतःच तेलात सोडली. चोरी करावी तशी. एकशे ऐंशी, काही नाही. पंचाऐंशी, कोरडं ठणठणीत. एकशे शहाऐंशीला सुयांच्या कडा खचल्या आणि सत्त्याऐंशी व्हायच्या आत नळीत स्वच्छ थेंब झाला. मी माझ्या या डोळ्यांनी पाहिलं. तू परत आलीस तेव्हा तुला सगळं सांगितलंही, अपराध्यासारखं मान खाली घालून.

तू रागावली नाहीस. पिशवी खाली ठेवलीस आणि अगदी मायेने म्हणालीस, "आपल्याला हवं ते दिसतं ग सुशी. म्हणून तर सरांनी नियम केला. तुला वाटत असेल तर त्यांनाच वाचायला सांगू या. पण मग तू काय केलंस ते त्यांना सांगावं लागेल."

मी म्हटलं, नको, नको. माझे डोळे खोटे आणि तुझे खरे, असं मी त्या टेबलापाशी उभ्या उभ्या ठरवून टाकलं. माझी चूक ही एवढीच, आणि ती मी मान्य करते. मुली आंधळेपणाने एखाद्या पुरुषावर विश्वास टाकतात तेव्हा लोक त्यांना वेडी म्हणतात. मैत्रिणीवर टाकला तर काय म्हणतात, मला माहीत नाही.

तुझा अकरा नंबर कलकत्त्याला गेला. त्याचा मेल्टिंग पॉइंट मी वाचला होता. अर्ध्या अंशात वितळला होता आणि मी तुला मिठी मारून टेबलाभोवती नाचवलं होतं. सरांनी तुझं नाव दिलं. मला स्टेशनवर सोडायला तू आणि अण्णा आला होतात. गाडी हलली तरी तू माझा हात सोडेनास, इतकी रडत होतीस की अण्णांनी तुला मागे ओढलं. मला वाटलं, मी चालले म्हणून रडते आहे.

खानापूरला बाबांनी काहीच विचारलं नाही. चारच महिन्यांत लग्न झालं. माणूस चांगला मिळाला, तेही सांगून टाकते, नाही तर तुला वाटेल माझं आयुष्य तू मातीत घातलंस. तसं नाही झालं. ह्यांची बदली इथल्या कारखान्यात झाली आणि तीन वर्षांनी मी परत बंगळूरला आले, कडेवर मुलगी घेऊन. तू तोवर प्रबंध पुरा करून डॉक्टर होण्याच्या बेतात होतीस. म्हैसूरचं स्थळ केव्हाच परत गेलं होतं आणि तू लग्नच केलं नाहीस.

तिथून पुढे तू माझ्यासाठी जे केलंस त्याला तोड नाही. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची नोकरी तू शब्द टाकून मिळवून दिलीस. माझ्या मुलीला टायफॉइड झाला तेव्हा औषधाचा शहरात तुटवडा होता. तू चिकपेटेपासून मल्लेश्वरमपर्यंत दुकानं पालथी घातलीस आणि संध्याकाळी घामाघूम होऊन क्लोरॅम्फेनिकॉलची बाटली आणलीस. नऊ दिवस आमच्याकडेच राहिलीस. ताप उतरला त्या सकाळी डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे त्या औषधाचा रेणू काढून दाखवलास. "बघ, बेंझिनच्या कड्यावर नायट्रो गट कसा ऐटीत बसलाय," म्हणालीस आणि हुंदका आला तुला. मी तुझे पाय धरायची बाकी होते. आभार मानले होते मी, कावेरी. माझ्याकडून आभार ऐकताना तुझ्या पोटात काय होत असेल, याचा पाच दिवस विचार करते आहे. लागत असेल काही आत, की सवय झाली होती?

आपलं एक भांडण कायमचं राहूनच गेलं. माझ्या शाळेत मी सरांचाच कायदा चालवते. मुलीने स्वतःच्या प्रयोगाचा आकडा स्वतः वाचायचा नाही, शेजारणीने वाचायचा. तू एकदा तपासणीला म्हणून आली होतीस, ते बघितलंस आणि सगळ्या मुलींसमोर माझ्यावर कडाडलीस. "त्यांच्या डोळ्यांनी त्यांना बघू दे की! काय हे खूळ!" मी घरी येऊन तुला ऐकवलं, "हे खूळ तुझ्याच सरांचं आहे. डॉक्टर झालीस म्हणून शिस्त विसरलीस होय?" तू म्हणालीस, "सरांना माणसं ओळखता यायची नाहीत." दर दोन-तीन महिन्यांनी हा विषय निघायचा आणि दर वेळी तू उठून खिडकीशी जायचीस. मला वाटायचं, बाई आता ढिली पडत चालली.

आता तुझी वही. पुठ्ठा सुटलेला, आत तुझं ते मोत्यांसारखं अक्षर. माझं नाव वाचून मी आनंदाने पान उघडलं. 'सुशीला, १४, पहिली खेप: १८६ ते १८७.' मला वाटलं, काहीतरी चुकतंय माझं. चष्मा पुसला. 'दुसरी खेप: १८६ ते १८७. तिसरी खेप: १८६ ते १८७.' सातही खेपा, सात ओळी, तोच आकडा. एकही खाडाखोड नाही. पहिल्याच दिवशी ते शुद्ध होतं. त्यानंतर मी शुद्ध पदार्थ सहा वेळा शुद्ध करत बसले, संपेपर्यंत, आणि तू शेजारी बसून बघत होतीस.

वहीत खोटं लिहायचं नाही हा नियम तू पाळलास. तू वहीशी खोटं बोलली नाहीस. माझ्याशी बोललीस.

त्याच तिरमिरीत मी तुझा प्रबंध काढला. तू मला बांधीव प्रत दिली होतीस. पहिल्या पानावर 'सुशीला, जिच्याशिवाय हे झालं नसतं' असं छापलेलं. मी तेवढंच वाचून कपाटात ठेवली होती, पुढे वाचायला जीव धजावला नव्हता. आता पान पान उलटलं. तू माझा चौदा नंबर चोरला असशील अशी माझी खात्री होती. तसं असतं तर बरं झालं असतं. राग धरायला काही सरळ कारण मिळालं असतं. पण तो कुठेच नाही. तुझी यादी तेरावरून पंधरावर जाते. दुसरी बाटली आली, तू पुढे वर्षानुवर्षं त्याच सांगाड्यावर काम केलंस, आणि त्या एका जागेला हात लावला नाहीस. तुला ते सज्जनपणाचं वाटलं असेल. मला वाटत नाही. चोरलं असतंस तर निदान ते या जगात असतं. जंतूवर चाललं असतं की नसतं, देव जाणे. बहुतेक नसतंच चाललं, शंभरातलं एखादं चालतं. पण कुणीतरी तपासून तरी बघितलं असतं. तू ते मला दिलं नाहीस, स्वतः घेतलं नाहीस, आणि ज्यांच्यासाठी ते बनवायचं त्यांनाही मिळू दिलं नाहीस. माझ्या आत्यासारख्या बायका अजून खोकतात.

तू सरळ मागितलं असतंस तर मी जागा सोडली असती का, हा प्रश्नही स्वतःला विचारून झाला. खरं सांगते, नसती सोडली. तुझ्यापुढे विधुर उभा आहे हे माहीत असूनही मी म्हटलं असतं, बघ बाई तुझं तू. मग आपण भांडलो असतो आणि जी हरली असती तिला निदान आपण कशाने हरलो ते कळलं असतं. मला तेही कळू दिलं नाहीस. मी इतकी वर्षं एका अशा बाईसारखी जगले जिला काही येत नव्हतं. इतरांच्या यशाला टाळ्या वाजवायच्या, आणि आपल्याला जमलं नसतं म्हणून मनातल्या मनात हसून घ्यायचं. तुझं नाव मोठं होत गेलं तसा मला अभिमान वाटायचा. तोही तू फुकटात घेतलास.

आणि तरी सकाळी दूध तापवताना मला तुझी आठवण येते. दोघींसाठी कॉफी टाकायला हात जातो. मला तुझा इतका राग येतोय की तू समोर असतीस तर झिंज्या धरल्या असत्या, आणि तू समोर नाहीस म्हणून रडू येतं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा होतात हे मला कुणी शिकवलं नाही.

अण्णांना ती चार पानं मी उद्या लिहून देणार आहे. शांत, अभ्यासू, विद्यार्थिनींची लाडकी. त्यातलं काहीच खोटं नाही. वही मी त्यांना दाखवणार नाही. साठीकडे झुकलेला माणूस, बहिणीला मुलीसारखं वाढवलं त्याने.

आता राहतो तो शेवटचा गुरुवार. पोटातली ती गाठ तुला खाऊन बसली होती. तू उशांना टेकून बसली होतीस, खिडकीतून ऊन येत होतं, अण्णा औषध आणायला गेले होते. मी मोसंबं सोलत होते. तू एकदम म्हणालीस, "सुशी, त्या वर्षीचं एक तुला सांगायचं राहिलंय. तो तुझा चौदा नंबर..."

मला वाटलं, जागा स्वतःला मिळाली आणि मला नाही, याचं वाईट वाटतंय बिचारीला इतक्या वर्षांनी. तुला त्रास होऊ नये म्हणून मी घाईघाईने तुला थांबवलं. म्हटलं, "राहू दे ग. त्याचं काय एवढं मनाला लावून घेतेस? माझा हातच कच्चा होता. ते मी केव्हाच मान्य करून टाकलंय."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. तुला फक्त एक शब्द बोलायचा होता. 'नव्हता', एवढाच. मग तू माझा हात जवळ ओढून घेतलास, उलटा केलास, सुलटा केलास, मोसंब्याच्या रसाने ओली झालेली बोटं एकेक करून पाहिलीस, आणि म्हणालीस, "हो ग. कच्चाच होता."

आणि मी हसले, कावेरी. तुझ्या मनावरचं ओझं उतरावं म्हणून मी हसले.